आयोडीन-१३१ चा डोस: तारीख मिळाल्यापासून घरी येईपर्यंत काय काय करायचं

आईला पॅपिलरी थायरॉइड कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, आणि मग डॉक्टर म्हणाले की आता रेडिओआयोडीनचा, म्हणजे किरणोत्सारी आयोडीन-१३१ चा, एक डोस द्यावा लागेल, तारीख काउंटरवरून घ्या. रेडिओ हा शब्द ऐकूनच आई घाबरली आणि मी तिच्याहून जास्त. आता तिचा डोस होऊन गेलाय, ती चिपळूणला घरी आहे, आणि गेल्या आठवड्यात ओळखीतल्या तिसऱ्या बाईचा मला फोन आला की तुमच्या आईच्या वेळी काय काय केलं होतं ते सांगा ना. म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवतेय. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐकायचं, प्रत्येक पेशंटचं वेगळं असतं, आणि थायरॉइड कॅन्सरच्या प्रत्येक पेशंटला हा डोस लागतो असंही नाही, गाठ लहान आणि रिस्क कमी असेल तर पुष्कळदा ऑपरेशनवरच भागतं, त्यामुळे डोस खरंच लागणार आहे का हे आधी मोकळेपणाने विचारून घ्या.

पण लागणारच असेल तर एक गोष्ट पक्की धरा, इथे सगळं तारखेवर चालतं. आणि ती तारीख एवढी कडक का असते हे कळलं की पुढचं पथ्यपाणी सांभाळणं खूप सोपं जातं, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

डोस कुठून येतो

मला वाटायचं की औषध हॉस्पिटलच्या कपाटात पडलेलं असणार, पेशंट आला की काढून द्यायचं. तसं नसतं. आयोडीन-१३१ निसर्गात खणून मिळत नाही, ते बनवावं लागतं, आणि बनलं त्या क्षणापासून ते संपायला लागतं. भारतात ते बनतं ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात, ध्रुव नावाच्या अणुभट्टीत. १०० मेगावॅटची ही भट्टी ऑगस्ट १९८५ मध्ये सुरू झाली, ती वीज बनवायला नाही, संशोधनाला आणि असे आयसोटोप, म्हणजे किरणोत्सारी अणू, बनवायला आहे. (घारापुरीच्या लाँचमधून ट्रॉम्बेच्या किनाऱ्यावर जो घुमट दिसतो तो तिच्या आधीच्या सायरस भट्टीचा, ती २०१० च्या अखेरीस बंद झाली.)

करतात काय, तर टेल्युरियम नावाच्या मूलद्रव्याच्या ऑक्साइडची पावडर ॲल्युमिनियमच्या छोट्या डबीत सीलबंद करून भट्टीत ठेवतात. भट्टीत न्यूट्रॉनचा मारा चालूच असतो. टेल्युरियम-१३० चा अणू एक न्यूट्रॉन गिळतो, टेल्युरियम-१३१ होतो, तो टिकत नाही, दर २५ मिनिटांत त्यातले निम्मे अणू बदलून आयोडीन-१३१ होतात. पण तयार झालेलं आयोडीनसुद्धा त्याच वेळी विरत असतं, दर आठ दिवसांनी निम्मं. म्हणजे नळाखाली गळका हंडा लावल्यासारखं आहे, सुरुवातीला हंडा भराभर भरतो, पाणी वर चढतं तशी गळतीही वाढते, आणि मग एका पातळीला पाणी थांबतं, पुढे नळ कितीही वेळ चालू ठेवा. आठ दिवसांत जास्तीत जास्त मिळू शकेल त्याच्या ५० टक्के, सोळा दिवसांत ७५, चोवीस दिवसांत साधारण ८७. त्यापुढे डबी आत ठेवून फार काही मिळत नाही, म्हणून काही आठवड्यांनी ती बाहेर काढतात.

मग ती डबी जाते हॉट सेलमध्ये. हॉट सेल म्हणजे जाड शिशाच्या भिंतींची बंद खोली, काम करणारा माणूस बाहेर, जाड काचेतून बघत यांत्रिक हातांनी आतलं काम करतो. पावडर तापवली की आयोडीनची वाफ होते, टेल्युरियम मागे राहतं, ती वाफ अल्कलीच्या द्रावणात पकडली की सोडियम आयोडाइड मिळतं. शुद्धता तपासून त्याचं पिण्याचं द्रावण किंवा कॅप्सूल होते, आणि हे ब्रिटकडून, म्हणजे वाशीला ज्यांचं कॉम्प्लेक्स आहे त्या बोर्ड ऑफ रेडिएशन अँड आयसोटोप टेक्नॉलॉजीकडून, हॉस्पिटलांना जातं. हार्बर लाइनने वाशीवरून मी हजार वेळा गेले असेन, तिथे शिशाच्या भांड्यांत अशी औषधं पॅक होतात हे आईच्या आजारापर्यंत ठाऊक नव्हतं.

आता तारखेचं गणित बघा. आठ दिवसांत निम्मं म्हणजे रोज साधारण ८ टक्के कमी. सोमवारी १०० मिलिक्युरी (किरणोत्सार मोजायचं एकक) असलेला डोस बुधवारी ८४ च्या आसपास आलेला असतो आणि पुढच्या मंगळवारी ५०. म्हणून भांड्यावरच्या लेबलवर नुसता आकडा नसतो, अमुक तारखेला अमुक वाजता इतके मिलिक्युरी असं लिहिलेलं असतं. हॉस्पिटल पेशंट मोजून ऑर्डर देतं. तुम्ही ऐनवेळी नाही गेलात किंवा तयारीत चूक झाली म्हणून डोस देता आला नाही, तर तुमच्या नावाने आलेलं औषध शिशाच्या भांड्यात विरत बसतं, आणि आयसोलेशनची ती खोलीही त्या दिवशी रिकामी जाते. अशा खोल्या मोजक्या असतात आणि वेटिंग लांब असतं, त्यामुळे पुढची तारीख लगेच मिळेलच असं नाही.

(पेट स्कॅनचं औषध फ्लोरिन-१८ तर ११० मिनिटांत निम्मं होतं, म्हणून ते सायक्लोट्रॉन नावाच्या यंत्रावर रोजच्या रोज बनवतात, देशातला पहिला मेडिकल सायक्लोट्रॉन २००२ मध्ये परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्येच बसला. पेट स्कॅनला उशिरा पोचलात तर स्टाफ का वैतागतो ते यावरून कळेल.)

तारखेपासून उलटं मोजायचं

कॅलेंडर घ्या, डोसच्या तारखेला गोल करा आणि तिथून मागे मागे या. आम्ही कालनिर्णयवर लाल पेनाने केलं होतं, स्वयंपाकघरात लावलेल्या, म्हणजे आईला आणि बाबांना रोज दिसेल.

सगळ्यात लांबची खूण म्हणजे दोन महिने आधीची, आणि आमची चूक इथेच झाली. थायरॉइडच्या पेशी आयोडीन ओढून घेतात, शरीरात दुसरं कोणी तेवढं घेत नाही, सगळ्या उपचाराचा पाया एवढाच आहे. ऑपरेशननंतर उरलेल्या किंवा कुठे पसरलेल्या पेशी हे किरणोत्सारी आयोडीन साधं आयोडीन समजून ओढतात, आणि त्यातून निघणारे बीटा कण जेमतेम एक-दोन मिलिमीटरच्या आत त्याच पेशींना मारतात. पण त्या पेशींचं पोट आधीच साध्या आयोडीनने भरलेलं असेल तर त्या हा डोस घेणारच नाहीत. आणि सीटी स्कॅनमध्ये शिरेतून जे कॉन्ट्रास्ट देतात त्यात आयोडीन प्रचंड असतं. आईच्या पोटात दुखलं म्हणून गावाकडच्या एका हॉस्पिटलात कॉन्ट्रास्टचा सीटी झाला, तिथे कोणी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही, आम्हाला संबंधच माहीत नव्हता. न्यूक्लिअर मेडिसिनच्या, म्हणजे हा डोस देणाऱ्या विभागाच्या, डॉक्टरांनी रिपोर्टची फाइल चाळली, सीटीवर बोट ठेवलं आणि तारीख दोन महिने पुढे गेली. त्या दोन महिन्यांत आईने रात्री रात्री जागून काढल्या. म्हणून तारीख मिळाल्या दिवसापासून पेशंटच्या फाइलच्या वरच मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, "आयोडीन कॉन्ट्रास्ट देऊ नये, रेडिओआयोडीनची तारीख अमुक", आणि कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी ते दाखवा. हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडॅरोनची गोळी चालू असेल तर तेही आधीच सांगा, त्यात आयोडीन भरपूर असतं आणि ते शरीरात महिनोन्‌महिने राहतं, पण ती गोळी स्वतःच्या मनाने अजिबात बंद करायची नाही.

त्यानंतरची खूण तीन-चार आठवडे आधीची, ऑपरेशननंतर रोज घ्यावी लागणारी थायरॉइडची गोळी बंद करण्याची. गोळी बंद झाली की टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, वाढतं, आणि टीएसएच वाढलं की त्या पेशींची आयोडीनची भूक वाढते, साधारण ३० च्या वर गेलं पाहिजे असं बघतात. दुसरा रस्ता म्हणजे गोळी चालू ठेवून डोसच्या आधी लागोपाठ दोन दिवस टीएसएचची इंजेक्शनं, पण ती महाग असतात, आम्ही गोळी बंद करण्याचाच रस्ता घेतला. घरच्यांनो, हे आठवडे पेशंटसाठी फार कठीण असतात हे समजून घ्या. तोंड सुजतं, थंडी वाजते, पोट साफ होत नाही, वजन वाढतं, आणि मन उगाच खचतं. आई भाजी निवडता निवडता रडायला लागायची आणि विचारलं तर म्हणायची काही नाही गं, असंच. हा स्वभाव नाही, ही गोळी नसल्याचा परिणाम आहे. या दिवसांत पेशंटला गाडी चालवायला देऊ नका आणि महत्त्वाचे निर्णयही पुढे ढकला.

मीठ

शेवटचे एक ते दोन आठवडे कमी आयोडीनचं जेवण, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. आपल्याकडे बाजारातलं साधं मीठ आयोडीनयुक्त असतं, ते बंद. पण मीठच बंद करायचं नाही! हे मी मुद्दाम जोर देऊन सांगतेय, कारण वयस्कर माणसं अळणी खायला लागतात, गोळी बंद असते, पाणी जास्त पितात आणि रक्तातलं सोडियम उतरून चक्कर येऊन पडतात. आयोडीन कमी करायचंय, मीठ नाही. आयोडीन नसलेलं मीठ आणायचं, आणि सैंधव म्हणून जे पाकीट मिळतं ते घेताना मागचं बारीक अक्षरातलं वाचून घ्या, काही पाकिटांत सैंधवातही आयोडीन घातलेलं असतं. कुठलं मीठ चालेल हे डाएटिशियनला पाकिटाचा फोटो दाखवून विचारलं तर सगळ्यात बरं. आम्ही ते मीठ वेगळ्या बरणीत भरून वर चिकटपट्टी लावली, "आईचं मीठ".

मासे बंद, सुके ओले दोन्ही, कोळंबी, सुकट, जवळा सगळं. चिपळूणच्या घरात हे सांगणं किती अवघड ते कोकणातल्या माणसालाच कळेल. बांगडा तळल्याचा वास आला तरी आई खिडकीशी जाऊन उभी राहायची, म्हणून मग आम्ही सगळ्यांनीच दोन आठवडे मासे आणले नाहीत. दूध, दही, चीज कमीत कमी, अंड्यातला पिवळा बलक नाही, पांढरा चालतो. ब्रेड, बिस्किट, खारी, फरसाण, पापड, विकतचं लोणचं, वेफर्स, हॉटेलचं जेवण नाही, कारण त्यात कुठलं मीठ आहे आपल्याला माहीत नसतं. सोयाबीन टाळा. लालभडक रंगाच्या गोळ्या-चेरी टाळा, काही लाल रंगांत आयोडीन असतं. मल्टिव्हिटॅमिनच्या गोळीचं पाकीट वाचा, आणि बीटाडीनचं मलम किंवा गुळण्या तर अजिबात नाही.

मग खायचं काय? तर भरपूर आहे. तांदळाची भाकरी, भात, वरण, कुळथाची पिठी, ताज्या भाज्या, उसळी, फळं, कोरा चहा, खोबरं, शेंगदाणे मात्र खारे नाहीत. सोलकढीत एक फसगत आहे, आगळात मीठ आधीच घातलेलं असतं, ते कुठलं हे विचारल्याशिवाय वापरू नका. आईला मी कुळथाची पिठी आणि भाकरी इतकी घातली की नंतर महिनाभर तिने कुळीथ बघितला नाही.

बायकांसाठी एक महत्त्वाचं. डोसच्या आधी प्रेग्नन्सी टेस्ट होते, ती वय बघून सगळ्यांचीच करतात, वाईट वाटून घेऊ नका. अंगावर पाजत असाल तर ते काही आठवडे आधी थांबवावं लागतं आणि त्या बाळाला पुन्हा सुरू करता येत नाही, म्हणून हे तारीख घेतानाच सांगा. डोसनंतर सहा महिने ते वर्षभर मूल होऊ द्यायचं नसतं, पुरुषांनीही काही महिने थांबायचं असतं.

डोसचा दिवस

बॅग भरताना जुने कपडे घ्या, जे परत आणले नाहीत तरी चालतील असे. घाम, लाळ, लघवी यांतून आयोडीन बाहेर पडतं त्यामुळे वस्तूंना लागतं. मोबाइल झिपच्या पारदर्शक पिशवीत ठेवा, पिशवीवरूनच बटणं दाबता येतात. चष्मा लागतो, जपाची माळ नेऊ का म्हणून आईने विचारलं होतं, सिस्टर म्हणाल्या न्या पण धुता येईल अशी न्या, मग तिने घरची तुळशीची ठेवली आणि प्लास्टिकच्या मण्यांची घेतली.

डोस येतो ट्रॉलीवर, शिशाच्या जाड भांड्यात. मी दारापर्यंतच होते. टेक्निशियनने झाकण काढलं, आतल्या छोट्या बाटलीतून कॅप्सूल आईच्या हातात न देता थेट तोंडात पडेल अशी बाटली धरली, वरून पेलाभर पाणी. झालं. सहा महिने ज्याची भीती धरली होती ते दहा सेकंदांत संपलं, दुखलं नाही, टोचलं नाही. मग दार बंद, आणि आई आत एकटी.

ती खोली अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांनी बांधलेली असते. तिथल्या टॉयलेटचं पाणी थेट गटारात जात नाही, वेगळ्या टाकीत साठवतात आणि किरणोत्सार पुरेसा उतरल्यावरच सोडतात. म्हणून कमोडमध्ये कागद, उरलेलं जेवण, काहीही टाकायचं नाही, टाकी तुंबली तर साफ करणाऱ्या माणसाला त्रास होतो. पहिल्या दोन दिवसांत बहुतेक आयोडीन लघवीवाटे निघून जातं, त्यामुळे पेशंटने करायचं काम एकच, पाणी प्यायचं आणि वारंवार लघवीला जायचं, पुरुषांनीही बसून, झाकण लावून दोनदा फ्लश. शौचाला होत नसेल तर लगेच सांगा, आतड्यात आयोडीन साठून राहू नये म्हणून औषध देतात. लाळेच्या ग्रंथी सुजू नयेत म्हणून लिंबाच्या आंबट गोळ्या देतात, पण त्या कधी सुरू करायच्या यावर डॉक्टरांची दोन मतं आहेत, तुमच्या वॉर्डात सांगतील तेव्हाच घ्या.

आईने आत काय केलं, तर मोबाइलवर कीर्तनं ऐकली आणि दर तासाला मला फोन करून सांगितलं, झाली गं एक बाटली. रोज एकदा टेक्निशियन येऊन ठरावीक अंतरावरून मीटर धरतो, आकडा लिहितो. तिसऱ्या दिवशी आकडा मर्यादेच्या खाली आला आणि तिला सोडलं.

घरी

डिस्चार्ज कार्डावर किती दिवस काय पाळायचं ते लिहून देतात, डोस किती होता त्यावर ते ठरतं, शेजारणीच्या जावेला किती दिवस सांगितले होते त्यावर नाही. मूळ सूत्र अंतराचं आहे. एक मीटरवरून दोन मीटरवर गेलात तर किरणांचा मारा चौथाई होतो, तीन मीटरवर नववा हिस्सा. म्हणजे पेशंटला वाळीत टाकायचं नाही, त्याच खोलीत पलीकडच्या खुर्चीवर बसून गप्पा मारायच्या, फक्त खेटून बसायचं नाही आणि एका अंथरुणात झोपायचं नाही. लहान मुलं आणि गरोदर बायका यांना मात्र त्या दिवसांत लांबच ठेवा, मुलांच्या आणि पोटातल्या बाळाच्या थायरॉइडला याचा धोका जास्त. आम्ही माझ्या मुलाला सासरी पाठवलं होतं. ताट-वाटी-पेला वेगळा, कपडे वेगळे धुवायचे, टॉयलेट वेगळं असेल तर उत्तम. परतीच्या प्रवासाला गर्दीची एसटी किंवा रेल्वे नको, आम्ही गाडी केली, आई मागच्या सीटवर ड्रायव्हरच्या तिरक्या कोपऱ्यात बसली. विमानाने जाणार असाल तर हॉस्पिटलचं पत्र जवळ ठेवा, विमानतळावरचे किरणोत्साराचे डिटेक्टर डोसनंतर काही आठवडेसुद्धा वाजू शकतात.

गोळी पुन्हा कधी सुरू करायची हे विचारल्याशिवाय हॉस्पिटलमधून निघू नका, साधारण दोन-तीन दिवसांतच सुरू करतात. काही दिवसांनी पूर्ण शरीराचा स्कॅन होतो, त्याच डोसमधून निघणाऱ्या गॅमा किरणांनी आयोडीन कुठे कुठे जाऊन बसलंय ते दिसतं, वेगळं इंजेक्शन लागत नाही. आईच्या स्कॅनमध्ये मानेतला एक ठिपका चमकत होता, बाकी अंग काळोखं. पुढे दर काही महिन्यांनी टीएसएच आणि थायरोग्लोब्युलिनची (थायरॉइडच्या पेशी बनवतात ते प्रथिन) रक्ततपासणी, ती चुकवायची नाही.

डोस घ्यायला घाबरणाऱ्या प्रत्येकीला मी हे सांगते, की हे आयोडीन १९३८ मध्ये बर्कलीला ग्लेन सीबोर्ग आणि जॅक लिव्हिंगूड यांनी शोधलं, आणि पुढे सीबोर्गच्या स्वतःच्या आईला थायरॉइडच्या आजारावर तेच दिलं गेलं. माझ्या आईला हे मी डोसच्या आदल्या रात्री सांगितलं होतं. ती एवढंच म्हणाली, बरं झालं मग, मुलाच्या हातचं मिळालं तिला.

वॉर्डात नेलेला गाऊन आणि चपला घालवायच्या नव्हत्या तिला. आम्ही त्या जाड पिशवीत बांधून माळ्यावर लोकांपासून लांब ठेवल्या आणि कालनिर्णयवर ८० दिवसांनी खूण केली. आठ दिवसांचे दहा फेरे झाले की मूळच्या हजाराव्या भागाइतकंच उरतं. त्या दिवशी तिने पिशवी उतरवली, गाऊन दोन पाण्यांतून काढला, वाळत घातला, आणि बाबांना म्हणाली बाजारात जाताय तर बांगडे बघा.